समुद्राचं टाइमटेबल

बालमित्रांनो, एक प्रश्न विचारू? वर्गात एखाद्याला साधी गोष्ट कळली नाही, की तुम्ही त्याला काय म्हणून चिडवता? ‘अलिबागहून आलायस काय रे?’ बरोबर ना? मीसुद्धा लहानपणी असंच म्हणायची. पण सात वर्षांपूर्वी मी खरोखरच अलिबागला गेले आणि तिथे अडाणी ठरलो ते आम्हीच! त्या दिवसापासून ते वाक्य मी सोडून दिलं.

असं काय झालं, ते आज सांगणार आहे. आणि सांगता सांगता तुमच्या सुट्टीतल्या समुद्रसहलीचा बेतही आपण मिळून आखू. वही-पेन्सिल घ्या आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून जवळ ठेवा. हो, कॅलेंडरच! ते कशाला, ते पुढे कळेल.

मी आहे सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याची. आमच्याकडे पाऊस कमी. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आला की अख्खी आळी हंडे घेऊन धावते. त्यामुळे ‘जिकडे पाहावं तिकडे पाणीच पाणी’ हे आम्ही फक्त पुस्तकात वाचलेलं. मी डी.एड. करत होते, तेव्हा भूगोलाचा सराव पाठ मला ‘भरती-ओहोटी’ हाच आला. मी संत्र्याची पृथ्वी केली, लिंबाचा चंद्र केला, फळ्यावर रंगीत खडूने लाटा काढल्या. पाठ छान झाला, मार्कही चांगले पडले. समुद्र मात्र तोपर्यंत मी एकदाही पाहिला नव्हता!

मग नोकरी लागली आणि एका दिवाळीत आम्ही ठरवलं, की आता समुद्र पाहायचाच. आई, दादा, वहिनी, माझा सात वर्षांचा भाचा आणि मी. भाऊबीज झाली, दोन दिवसांनी पहाटेची एस.टी. धरली आणि संध्याकाळी अलिबाग! एस.टी.ची वेळ पाहिली, राहायची खोली पाहिली, चिवड्या-लाडवांचे डबे भरले. वाटलं, झाली की तयारी!

पाणी कधी आलं?

दुसऱ्या दिवशी साडेदहाला आम्ही किनाऱ्यावर गेलो. समोर समुद्रात कुलाबा किल्ला. आणि गंमत म्हणजे किल्ल्यापर्यंत चक्क वाळू उघडी! लोक चालत निघाले होते, काही घोडागाडीतून जात होते. मध्ये कुठे कुठे घोट्याएवढं पाणी. भाचा तर टुणटुण उड्या मारत पुढे. पंचवीसेक मिनिटांत आम्ही किल्ल्याच्या दारात!

किल्ला पाहिला, गणपतीचं दर्शन घेतलं, तटावर बसून शिदोरी सोडली. गप्पा रंगल्या. घड्याळाकडे कोण बघतंय? पाऊण वाजला तेव्हा आम्ही दाराशी आलो आणि बघतो तर काय, सकाळची वाळू गायब! किनारा तिकडे, आम्ही इकडे आणि मध्ये नुसतं पाणी.

दादा म्हणाला, “अगं, आत्ताच तर चालत आलो. जाऊ पटकन.” त्याने भाच्याला खांद्यावर घेतलं, मी आईचा हात धरला आणि आम्ही पाण्यात उतरलो. आधी पोटरीएवढं, मग गुडघ्याएवढं आणि बघता बघता कमरेला पाणी! पायाखालची वाळू सरकायला लागली. पाणी बाजूने ढकलत होतं. तेवढ्यात आईचा पाय घसरला. मी तिचा हात घट्ट धरला होता म्हणून बरं, पण आम्ही दोघीही गळ्यापर्यंत भिजलो. वहिनी रडायलाच लागल्या. भाचा वरून ओरडत होता, “बाबा, नको! बाबा, नको!”

इतक्यात मागून जोराची हाक आली, “मागं फिरा! मागं फिरा आधी!” किल्ल्याच्या पायरीवर एक म्हातारेसे कोळीबाबा उभे होते. आम्ही कसेबसे मागे वळलो. दहा-पंधरा पावलांचंच अंतर असेल, पण ती पावलं मी आयुष्यात विसरणार नाही.

आम्ही पायरीवर बसलो, दात वाजत होते. बाबा रागावले नाहीत. त्यांनी आईला पाणी दिलं आणि म्हणाले, “अजून दोन-तीन तास पाणी चढंल. आता होडीनंच जायचं.”

भाच्याने विचारलं, “आजोबा, पाणी कधी येणार ते आधी कसं कळणार? समुद्राला काय टाइमटेबल असतं?”

“असतं की!” बाबा हसले. “आज तिथी कुठली?”

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. आई म्हणाली, “आज पंचमी.”

“मग पाचाची पाऊणकी किती?”

पुन्हा सगळे गप्प. मी शिक्षिका, पण मलाही पटकन येईना! पुन्हा आईच पुटपुटली, “पाच पाऊणे पावणेचार.”

“झालं तर! पावणेचारला पुरी भरती. त्याच्या आधी सहा तास, म्हणजे पावणेदहाला पुरी ओहोटी. तुम्ही साडेदहाला निघालात, म्हणजे पाणी परत फिरल्यावर निघालात. आमचं शेंबडं पोर पण असं करत नाय.”

अलिबागच्या पोरांना जे येतं, ते मला येत नव्हतं. संत्रं-लिंबाचे मार्क काय कामाचे? चूक ना अलिबागची, ना समुद्राची. चूक आमचीच होती. एस.टी.चं वेळापत्रक आम्ही तीनदा पाहिलं होतं, समुद्राचं एकदाही नाही.

पाऊणकीचं गणित

आता वही उघडा. हे गणित फार सोपं आहे. तिथीचा आकडा घ्या, त्याला तीनने गुणा आणि चारने भागा. जे उत्तर येईल, ती भरतीची अंदाजे वेळ. ती सकाळचीही आणि संध्याकाळचीही, कारण आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी.

प्रतिपदा : एक पाऊणे पाऊण. भरती पाऊण वाजता.
चतुर्थी : चार पाऊणे तीन. भरती तीन वाजता, ओहोटी नऊ वाजता.
अष्टमी : आठ पाऊणे सहा. भरती सहा वाजता, ओहोटी बारा वाजता.
द्वादशी : बारा पाऊणे नऊ. भरती नऊ वाजता, ओहोटी तीन वाजता.
पौर्णिमा आणि अमावास्या : दोघींचाही आकडा पंधरा धरायचा. पंधरा पाऊणे सव्वाअकरा.

शुक्ल पक्ष असो की कृष्ण पक्ष, गणित तेच. पाऊणकी म्हणजे काय, हे घरी आजी-आजोबांना विचारा. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ करून घेत. बघा, आजोबा खडाखडा म्हणून दाखवतील!

पण हे गणित जमतं कसं? भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीने येते, हे तुम्ही शिकलाच आहात. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. म्हणून भरतीसुद्धा रोज तेवढीच उशिरा येते. तिथी एकाने वाढली की आपल्या गणितात पाऊण तास, म्हणजे पंचेचाळीस मिनिटं वाढतात. पन्नासच्या जवळच की नाही? घड्याळ आणि छापील तक्ते नसताना आपल्या कोळी-खलाशांनी हे गणित बसवलं होतं!

लक्षात ठेवा, हा अंदाज आहे. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होऊ शकतो. आता मोबाइलवर रोजच्या भरतीची वेळ मिळते, तीही पाहाच आणि किनाऱ्यावरच्या माणसांना विचारा. पण मोबाइलची बॅटरी संपते, रेंज जाते. पाऊणकी मात्र डोक्यात असते, तिला चार्जर लागत नाही!

आणखी एक गोष्ट. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते, त्यामुळे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही. याला म्हणतात उधाणाची भरती. मोठ्या उधाणाला अलिबागकडे भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरपर्यंत फरक पडू शकतो, म्हणजे दोन मोठी माणसं एकावर एक उभी राहतील एवढा! अष्टमीच्या आसपास हा फरक कमी असतो. ती भांगाची भरती. भांगाला पाणी फारसं चढत नाही, तसंच फारसं उतरतही नाही. म्हणून अष्टमीला भर दुपारी ओहोटी असली, तरी किल्ल्याची वाट पूर्ण कोरडी होईलच असं नाही.

चला, बेत आखू या

आधी महिना ठरवा. अलिबाग साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या बरंच दक्षिणेला, म्हणजे उष्ण कटिबंधात आहे. थंडीतही तिथे स्वेटर क्वचितच लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे सगळ्यात सुखाचे महिने. मे महिन्यात आंबे असतात, पण घामाच्या धारा लागतात. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचही पावसाळ्यात बंद ठेवतात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं आणि नारळी-पोफळीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. म्हणून मेच्या अखेरीस जाणार असाल, तर हवामान खात्याचा अंदाज ऐकल्याशिवाय निघू नका.

मग तिथी ठरवा. आता कॅलेंडर जवळ ओढा! किल्ल्यावर चालत जायचं, तर सकाळची ओहोटी हवी. ऊनही कमी आणि परतताना उजेडही भरपूर. शिवाय पाणी चांगलं उतरायला हवं, म्हणजे अमावास्या-पौर्णिमा फार लांब नको. या दोन्ही गोष्टी कुठल्या तिथीला जुळतात? चतुर्थीला! ओहोटी सकाळी नवाच्या सुमाराला. आणि चतुर्थी शोधणं सगळ्यात सोपं, कारण महिन्यातली संकष्टी आणि विनायकी प्रत्येक कॅलेंडरात ठळक छापलेली असते. गंमत म्हणजे किल्ल्यातही गणपतीच आहे. आजी खूश!

दिवाळीच्या सुट्टीत तर हे आपोआप जमतं. भाऊबीज ही द्वितीया. तिच्यानंतर साधारण दोन दिवसांनी चतुर्थी. फक्त शनिवार-रविवार टाळता आला तर पाहा, त्या दिवशी गर्दी फार.

आता रस्ता. मुंबईहून सडकेने अलिबाग शंभरेक किलोमीटर. पण समुद्रातून जाण्याची मजा वेगळीच! गेटवे ऑफ इंडियाहून लाँचने तासाभरात मांडवा आणि तिथून वीसेक किलोमीटरवर अलिबाग. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी वाहून नेणारी मोठी रो-रो बोटही सुरू झाली आहे. पुण्याहून खोपोली-पेणमार्गे सडकेने सुमारे दीडशे किलोमीटर. आमच्यासारखे आणखी आतले असाल, तर एस.टी. आहेच.

पहिला दिवस : तृतीया

प्रवास करा आणि संध्याकाळी फक्त किनाऱ्यावर बसा. पहिल्याच दिवशी सगळं पाहायची घाई नको. दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, ते खारे वारे. रात्री उलट, जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई वारे. पुस्तकात वाचलेत ना? मग जिभेने ओठ चाटून बघा. खारटपणा लागला की समजा, खारे वारे भेटले! रात्री झोपण्याआधी सगळ्यांनी मिळून उद्याचं भरतीचं गणित सोडवा आणि उत्तर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा.

दुसरा दिवस : चतुर्थी

पुरी ओहोटी नऊला. आठ-सव्वाआठला, पाणी उतरत असतानाच निघा. आणि परतीची वेळ तिथेच ठरवून टाका. दहा वाजता किल्ल्याचं दार सोडायचं म्हणजे सोडायचं! घरातल्या सगळ्यात लहान मुलाला ‘वेळाधिकारी’ नेमा. त्याने ‘चला’ म्हटलं की बाबांनीसुद्धा उठायचं.

या कुलाबा किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांच्या आज्ञेने १६८० मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी महाराज गेले. काम पुरं केलं संभाजी महाराजांनी. पुढे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं झालं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज या दोघांनी मिळून अलिबागवर चाल केली, पण त्यांना हात हलवत परतावं लागलं! तटाचे दगड नीट पाहा. मोठमोठे चिरे नुसते एकमेकांवर रचले आहेत, मध्ये चुना नाही. लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. चारी बाजूंनी खारं पाणी असूनही किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे. उत्तरेच्या बाजूला चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत, त्यांच्यावर इंग्लंडमधल्या कारखान्याचं नाव वाचायला मिळतं. एवढं पाहायला दीड तास पुरतो.

परत आल्यावर गावात कान्होजी आंग्र्यांची समाधी पाहा. ते १७२९ मध्ये वारले. किनाऱ्याजवळच चुंबकीय वेधशाळा आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी पूर्वी मुंबईत कुलाब्याला होत असे. पण मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेमुळे मोजणी बिघडेल, म्हणून हे काम अलिबागला हलवायचं ठरलं आणि १९०४ मध्ये इथे मोजणी सुरू झाली. मोजणीची खोली बांधताना लोखंड वापरलं नाही, नाहीतर होकायंत्राची सुई भुलेल ना! आत जायला परवानगी लागते, म्हणून बेत आखतानाच चौकशी करा.

किनाऱ्यावरून वायव्येला, दूर समुद्रात खांदेरी-उंदेरी ही जोडी दिसते का पाहा. खांदेरी किल्ला २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. महाराजांच्या इतर किल्ल्यांच्या रांगेत तोही आहे.

तिसरा दिवस : पंचमी

आज दक्षिणेकडे. आधी आक्षी. इथे सापडलेला शिलालेख शके ९३४चा, म्हणजे इ.स. १०१२चा मानला जातो. मराठीतल्या अगदी जुन्या शिलालेखांपैकी हा एक! हजार वर्षांपूर्वी कुणीतरी दगडावर मराठी अक्षरं कोरली आणि सुरुवातीलाच काय मागितलं, तर जगाचं सुख. पुढे नागाव. इथे नारळी-पोफळीच्या वाड्या पाहा. त्याच्या पुढे चौल-रेवदंडा, अलिबागपासून सतरा-अठरा किलोमीटर. चौल हे फार पुरातन बंदर. पंधराव्या शतकात अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी इथेच उतरला होता, म्हणजे वास्को द गामा भारतात येण्याच्याही आधी! रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. खाडीवरचा पूल ओलांडला की कोर्लई. डोंगरावर पोर्तुगीजांचा किल्ला आणि पायथ्याच्या गावात एक आश्चर्य. इथले काही लोक घरात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली एक वेगळीच बोली बोलतात. जगात ती फक्त इथेच आहे. ती कानांवर पडली तर हसू नका हं. कुणाची तरी ती मायबोली आहे.

खायचं काय? ताजी मासळी, तांदळाची भाकरी, सोलकढी. येताना अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळ आणा. त्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. हा कांदा चवीला गोडसर, नुसता खाल्ला तरी नाकातून पाणी काढत नाही. पण तो उन्हाळ्याच्या तोंडाशी मिळतो, दिवाळीत शोधत बसू नका. आणि जानेवारीत गेलात, तर ‘पोपटी’ मिळते का विचारा. वालाच्या शेंगा मडक्यात भरून, भांबुर्ड्याचा पाला घालून, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करतात. नाव काढलं तरी तोंडाला पाणी सुटतं!

पिशवीत काय आणि डोक्यात काय

पिशवीत टोपी, सुती कपडे, टॉवेल, पाण्याची बाटली, कोकम सरबत, पायातून न निघणाऱ्या चपला आणि एक रिकामी पिशवी. ती रिकामी पिशवी आपल्याच कचऱ्यासाठी. शिंपले गोळा करा, पण शंख उचलण्याआधी आत डोकावून बघा. आत एखादा खेकडा राहत असेल, तर ते त्याचं घर आहे. किनाऱ्यावर पडलेल्या जेलीफिशला हात लावू नका. मेलेली दिसली तरी ती चावल्यासारखी आग करते.

डोक्यात मात्र हे नियम ठेवा. मोठी माणसं सोबत नसतील, तर पाण्यात पाऊल टाकायचं नाही. गुडघ्याच्या वर पाणी नको. ओहोटीच्या वेळी पोहायला उतरायचं नाही, कारण पाणी आत ओढतं. अंधार पडायच्या आत बाहेर. जीवरक्षकाची शिट्टी म्हणजे मुख्याध्यापकांची शिट्टी, वाद घालायचा नाही. आणि चुकून पाण्याने ओढलंच, तर किनाऱ्याकडे सरळ येण्यासाठी झटापट करून दमायचं नाही. पाठीवर तरंगायचं, हात वर करून ओरडायचं आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या ओढीतून बाजूला व्हायचं.

पालकांनो, हे चार शब्द तुमच्यासाठी. १ फेब्रुवारी २०१६ रोजी याच रायगड जिल्ह्यातल्या मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी-विद्यार्थिनी बुडाले. ती बातमी मी वाचली होती, हळहळलेही होते. तरीही त्यानंतर आम्ही पाण्याची वेळ न विचारताच किल्ल्यावर गेलो, कारण ‘असं दुसऱ्यांच्या बाबतीत होतं’ असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं. मुलांना समुद्राची भीती घालू नका. त्याची ओळख करून द्या. ओळख असली की माणूस जपून वागतो.

आणि भाच्याचं काय?

तो आता नववीत आहे. मधली काही वर्षं त्याने समुद्राचं नावही काढू दिलं नव्हतं. टीव्हीवर लाट दिसली तरी उठून जायचा. आम्हीही कधी आग्रह केला नाही. पण गेल्या महिन्यात एक दिवस तो स्वतःच कॅलेंडर घेऊन माझ्यापुढे बसला आणि म्हणाला, “आत्या, या वेळी बेत मी आखणार.”

त्याने वहीत रकाने पाडले : वार, तिथी, भरती, ओहोटी, निघायची वेळ, परतायची वेळ. चतुर्थीच्या रकान्यात लिहिलं, ‘ओहोटी नऊ. दहाला किल्ला सोडणे.’ त्याखाली लाल पेनने दोन रेघा मारल्या. आणि सगळ्यात शेवटी लिहिलं, ‘आजीचा हात मी धरणार.’

आईने ते वाचलं. ती काही बोलली नाही, फक्त चष्मा पुसला. मग म्हणाली, “पण पाऊणकी मीच म्हणणार हं!”

तर बालमित्रांनो, आता तुमचा अभ्यास. तुमच्या सुट्टीच्या पहिल्या दिवशी कुठली तिथी आहे ते कॅलेंडरात शोधा आणि त्या दिवशी अलिबागला भरती किती वाजता येईल, ते काढून आई-बाबांना सांगा. मग बघा, बेत आखायला तुम्हालाच पुढे बसवतील!

आणि सहलीहून परतल्यावर कुणी चिडवून विचारलंच, ‘काय रे, अलिबागहून आलायस काय?’ तर खुशाल छाती पुढे काढून सांगा, “हो! आणि येताना समुद्राचं टाइमटेबल पाठ करून आलोय!”